तळ्याकाठचा मुक्काम

आम्ही मुंबईच्या उपनगरात, पार्ल्याला राहतो. शाळेतून निवृत्त झालो. आता गावाकडून पाहुणे आले की त्यांना मुंबई दाखवायची, हे काम घरच्यांनी आमच्याकडे दिले आहे.

एकदा दिवाळीनंतर आमचे मेहुणे आले. बरोबर त्यांची मंडळी आणि दोन नातवंडे. सकाळी नळावर तोंड धुता धुता मेहुण्यांनी विचारले, "दाजी, हे पाणी येतं कुठनं? इथं तर ना नदी दिसत, ना विहीर."

प्रश्न साधा होता, पण मोलाचा होता. शहरात पुष्कळांना तो सुचतच नाही. नळ फिरवला की पाणी येते, एवढेच त्यांना ठाऊक असते. आम्ही म्हणालो, "चला, आज तुम्हाला तळ्यांच्या रानात नेतो."

पार्ल्याहून लोकल गाडीने बोरिवलीला गेलो. स्टेशनाच्या पूर्वेला थोडे चालले की मोठा रस्ता लागतो. त्याच्या पलीकडे रानाचा दरवाजा आहे. या रानाचे नाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. जुनी माणसे त्याला अजून बोरिवलीचे नॅशनल पार्क म्हणतात. रान सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. एवढ्या मोठ्या शहराच्या मधोमध एवढे रान! त्यात चितळ आहेत, सांबरे आहेत, माकडे आहेत आणि बिबटेही आहेत. वारली आणि इतर आदिवासी लोकांचे पाडेही आहेत. वारली लोक वाघोबाला देव मानतात. वाघाशी वैर धरायचे नाही, त्याचा मान राखायचा, आपण आपल्या वाटेने जायचे, ही त्यांची जुनी रीत.

दिवसभर हिंडलो. झाडाखाली भाकरी सोडली. संध्याकाळ होत आली तेव्हा मेहुणे म्हणाले, "दाजी, रान झकास. पण तळं कुठाय? तळ्याकाठी रात्र काढू म्हणून मी तर घोंगडी घेऊन आलो."

आम्हाला हसू आले. मग आम्ही त्यांना जे सांगितले, तेच इथे लिहितो.

तळी कशी झाली

मुंबईत पूर्वी लोक विहिरींचे आणि लहान तळ्यांचे पाणी पीत. वस्ती वाढली, पाणी पुरेना. १८५४ सालच्या उन्हाळ्यात तर फार हाल झाले. मग इंग्रज सरकारने शहराच्या उत्तरेला डोंगरात बांध घालायचे ठरवले. १८५६ साली विहार तलावाचे काम सुरू झाले. १८६० साली त्याचे पाणी मुंबईला मिळाले. पुढे १८७९ साली तुळशी तलाव पुरा झाला. १८९० च्या सुमारास पवईचा तलाव झाला.

म्हणजे ही तळी देवाने केलेली नाहीत. माणसाने बांध घालून पावसाचे पाणी अडवले, त्यातून ती झाली. तुळशी तलाव भरला की त्यात सुमारे ८०४ कोटी लिटर पाणी असते. विहारमध्ये सुमारे २७७० कोटी लिटर असते. पवईचे पाणी पिण्याजोगे राहिले नाही. ते कारखान्यांना वगैरे देतात.

आता मुंबई फार वाढली. या दोन तळ्यांवर तिची तहान भागत नाही. बाकीचे पाणी शहापूर, मोखाडा, इगतपुरी या बाजूच्या पाच मोठ्या जलाशयांतून नळांनी आणतात. पण तुळशी आणि विहार यांचे पाणी आजही लोक पितात.

म्हणून तिथे कोणालाही काठावर जाऊन राहू देत नाहीत. आपल्या घरच्या पिण्याच्या हंड्यात कोणी पाय बुडवले तर चालेल का? नाही. तसेच हे. शिवाय या तळ्यांत मगरी आहेत. पाण्यात पडलेल्या ओंडक्यासारखी मगर निपचित पडून असते. जवळ जाईपर्यंत कळत नाही.

रान राखतात तेही पाण्यासाठीच. पाऊस झाडाच्या पानांवर पडतो, मग हलकेच जमिनीवर उतरतो. पालापाचोळ्याची जमीन ते पाणी पिऊन घेते आणि सावकाश सोडते. झाडे तोडली तर पाणी माती घेऊन धावत सुटते. तळे गाळाने भरते. गावच्या पाझर तलावाचे असे झालेले तुम्ही पाहिलेच असेल.

विहार आणि पवई भरून वाहू लागले की ते पाणी मिठी नदीला मिळते. ही नदी आमच्या पार्ल्याशेजारी विमानतळाच्या खालून जाते आणि माहीमला समुद्राला मिळते. माणसांनी तिच्यात भराव घातला, कचरा टाकला, काठावर बांधकामे केली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. नदीला वाट उरली नव्हती. पाणी घरांत शिरले. त्या पुरात शेकडो माणसे दगावली. तळे वर डोंगरात असो, त्याची वाट खालच्या माणसांच्या दारावरून जाते, हे ध्यानात ठेवावे.

मुक्काम कशासाठी

कोणी म्हणेल, घरदार सोडून रानात झोपायची हौस कशाला? शेतकरी तर राखणीला रोजच माळ्यावर झोपतो!

खरे आहे. पण शहरातल्या मुलाने काळोख पाहिलेला नसतो. त्याने पुरे आभाळ पाहिलेले नसते. एक रात्र तंबूत काढली की त्याला रातकिडे ऐकू येतात, चांदण्या दिसतात, स्वतःची भांडी स्वतः घासावी लागतात. यालाच शिबिर म्हणतात. इंग्लंडात बेडन पॉवेल नावाच्या गृहस्थांनी १९०७ साली एका बेटावर वीस मुलांना घेऊन असा मुक्काम केला. त्यातून बालवीरांची चळवळ निघाली आणि जगभर पसरली.

आपल्याकडे ही गोष्ट त्याहून जुनी आहे. बोरिवलीच्या याच रानात कान्हेरीची लेणी आहेत. एका डोंगरात शंभरावर लेणी! सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षू तिथे राहू लागले. पावसाळ्यात ते हिंडणे थांबवून एका जागी मुक्काम करत. त्यांनी पाण्याची काय सोय केली पाहा. लेण्याजवळ खडकात पाण्याचे टाके खोदले. वरून येणारे पाणी टाक्यात जावे म्हणून खडकात पन्हळी कोरल्या. पाणी आधी राखले, मग आसन मांडले. मुक्काम करणाऱ्याचा पहिला धडा हाच.

बोरिवलीच्या उद्यानात रात्री राहायचे असेल तर वनखात्याची परवानगी लागते. ते सांगतील त्याच जागी आणि त्यांच्या माणसांच्या देखरेखीखालीच राहावे. उद्यान सोमवारी बंद असते. आपल्या मनाने आडवाटेला शिरू नये. मेहुण्यांची घोंगडी त्या दिवशी आमच्या पार्ल्याच्या गच्चीवरच अंथरली गेली!

पण महाराष्ट्रात इतर ठिकाणी तळ्याकाठी तंबू ठोकून लोक राहतात. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याला राहतात, मावळात पवनेच्या काठी राहतात. तिथले गावकरीच पाहुण्यांना तंबू देतात, पिठले-भाकरी करून घालतात. चार पैसे मिळतात. तुमच्या गावाजवळ धरण असेल तर हे काम उद्या तुमच्याकडेही येईल. म्हणून पुढचे नीट वाचा.

आमची चूक

गोष्ट पुष्कळ वर्षांपूर्वीची आहे. आम्ही तेव्हा शाळेत साधे शिक्षक होतो. बेचाळीस मुले आणि तीन शिक्षक असे आम्ही घाटातल्या एका धरणाच्या काठी मुक्कामाला गेलो. एस.टी.तून उतरलो आणि गाणी म्हणत काठाकडे निघालो. वाटेत एक पाटी होती. गवत वाढून ती अर्धी झाकली होती. आम्ही तिच्याजवळून गेलो. वाचली नाही.

दुपारी जेवणे झाली. मुले ताटल्या घासायला पाण्यावर गेली. पाणी शांत होते, घोट्याएवढेच दिसत होते. सातवीतल्या एका मुलाची जर्मनची ताटली हातातून सुटली आणि पाण्यावर तरंगत निघाली. तो तिच्यामागे दोन पावले गेला. तिसऱ्या पावलाला दिसेनासा झाला.

मुलगा गावच्या विहिरीत पोहणारा होता. पण अंगात शर्ट-चड्डी, पायात बूट. वर आला, पुन्हा खाली गेला. आम्ही धावलो. आम्हाला पोहणे बेताचेच येत होते. तरी उडी घेणार, एवढ्यात मागून ओरडणे ऐकू आले, "मास्तर, उडी नगं! खाली इहीर हाय!"

जवळच एक म्हातारे गृहस्थ म्हशी चारत होते. त्यांनी डोक्याचा फेटा सोडला. काठावर पालथे पडले. फेट्याचे एक टोक मुठीत धरले आणि दुसरे मुलाकडे फेकले. पहिल्यांदा टोक लांब पडले. दुसऱ्यांदा मुलाच्या हाताला लागले. आम्ही तिघांनी म्हाताऱ्यांचे पाय धरले, त्यांनी फेटा ओढला. मुलगा वाचला.

मग त्यांनी सांगितले. धरणाआधी तिथे त्यांचे गाव होते. ती विहीर त्यांच्या वाड्यापुढची. त्यांची आई तिचे पाणी भरायची. गाव उठले, घरे बुडाली, विहीर पाण्याखाली तशीच राहिली. कुठे विहीर, कुठे बांध, कुठे चिंचेचा बुंधा, हे सगळे त्यांना डोळे मिटून ठाऊक होते.

परत जाताना आम्ही ती पाटी वाचली. "धोका. पाण्यात उतरू नये." एवढेच तिच्यावर होते. विहिरीचे नाव नव्हते. आम्ही म्हाताऱ्यांना विचारले, "पाटी लावणाऱ्यांना तुम्ही विहिरीचं का नाही सांगितलं?"

ते म्हणाले, "मला कुनी इचारलं न्हाई. आन् मला कुटं लिवता येतंय?"

ज्यांना वाचता येत होते त्यांनी वाचले नाही. ज्यांना माहीत होते त्यांना लिहिता येत नव्हते. या दोहोंच्या मधे एक मूल बुडत होते. ही गोष्ट आम्ही आजवर विसरलो नाही.

काठावर कसे वागावे

त्या दिवसानंतर आम्ही काही नियम केले. पुढे नोकरी संपेपर्यंत ते पाळले. तुम्हालाही उपयोगी पडतील.

जागा. तंबू पाण्यापासून शंभर पावले दूर आणि उंचावर ठोकावा. धरणाचे पाणी एकाएकी वाढते. वर पाऊस झाला तर इथे ऊन असूनही पाणी चढते. ओढ्याच्या पात्रात आणि वाळक्या झाडाखाली झोपू नये. बांधाच्या खालच्या अंगाला नदीपात्रातही बसू नये. दारे उघडली की पळायला वेळ मिळत नाही.

पाणी. काठावरून पाणी उथळ वाटते. तो डोळ्यांचा भास असतो. वरून पाहिले तर बारा फूट पाणी नऊ फुटांसारखे दिसते. तळाशी गाळ असतो, त्यात पाय रुततो. विहिरीत पोहणाऱ्यानेही अनोळखी तळ्यात उतरू नये. दारू पिऊन तर काठाजवळही जाऊ नये. पिण्याचे पाणी गाळून, खळखळ उकळून घ्यावे. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातूनही कावीळ, हगवण, विषमज्वर होतो.

विस्तव. राष्ट्रीय उद्यानात विस्तव करूच नये. गावच्या मोकळ्या जागी चूल मांडली तर आधी गवत खरडून काढावे, भोवती दगड लावावेत. झोपण्यापूर्वी पाणी ओतावे आणि राख हाताला गार लागते का ते पाहावे. आणखी एक. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी तंबूत घेऊ नये. कोळशातून एक विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो.

शौच. पाण्यापासून निदान शंभर पावले दूर वीतभर खोल खड्डा करावा आणि वर माती लोटावी. पुष्कळ माणसे असतील तर चर खणावा. भांडी आणि कपडे तळ्यात धुऊ नयेत. पाणी बादलीने काढून दूर धुवावे.

कचरा. आणलेले सगळे परत न्यावे. उष्टे टाकले की कुत्री आणि डुकरे येतात. कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. बिबट्या गावात का आला म्हणून आपण विचारतो. पुष्कळदा आपल्याच उकिरड्याने त्याला बोलावलेले असते. संध्याकाळनंतर मुलांना एकटे सोडू नये. हातात बॅटरी असावी, बोलत बोलत चालावे.

मोजणी. माणसे मोजावीत. जेवणाआधी, जेवणानंतर, झोपताना आणि उठल्यावर. मोठ्या माणसांनाही मोजावे. कोणी हसले तर हसू द्यावे.

कोणी बुडत असेल तर

आधी ओरडून माणसे गोळा करावीत. पोहणे पक्के येत नसेल तर उडी मारू नये. बुडणारा मिठी मारतो आणि दोघेही जातात. काठी पुढे करावी. दोर, फेटा, लुगडे, धोतर, जे हाताशी असेल ते फेकावे. झाकण लावलेला रिकामा कॅन दोराला बांधून टाकला तर तो तरंगतो आणि माणसाला धरता येतो. टाकणाऱ्याने स्वतः पालथे पडावे, म्हणजे तो ओढला जात नाही.

माणूस बाहेर काढल्यावर त्याला उलटे टांगू नये, गरगर फिरवू नये, पोट दाबू नये. असे पुष्कळ गावांत करतात. त्यात वेळ जातो आणि जीवही जातो. श्वास चालू नसेल तर त्याला उताणे ठेवावे. हनुवटी वर करावी, नाक चिमटीत धरावे आणि तोंडाने तोंडात हवा फुंकावी. मग छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोराने आणि भरभर दाबावे. तीस वेळा दाबायचे, दोनदा फुंकायचे. श्वास येईपर्यंत किंवा मदत येईपर्यंत थांबू नये. त्याच वेळी दुसऱ्या कोणीतरी १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना सांगून गावातल्या दहा जणांनी हे एकदा शिकून घ्यावे.

पाटी तुम्ही लिहा

आता शेवटचे. तुमच्या गावचे तळे तुम्हाला ठाऊक आहे. कुठे खड्डा, कुठे गाळ, कुठे जुनी विहीर, पाणी कोणत्या महिन्यात चढते, हे शहरातल्या शहाण्याला कळणार नाही. ते तुमच्याच डोक्यात आहे. फेटेवाल्या म्हाताऱ्यांच्याही डोक्यात होते. त्यांच्या हाताला अक्षर नव्हते. तुमच्या हाताला आता अक्षर आले आहे.

एक फळी घ्या. तिला पांढरा रंग द्या. काळ्या रंगाने, बोटाएवढ्या जाड अक्षरांत लिहा:

इथे पाण्याखाली विहीर आहे.
काठापासून तीन पावलांवर पाणी खोल होते.
पाण्यात उतरू नका.
हे पाणी आमचे गाव पिते.
मदतीला हाक मारा. पहिले घर डावीकडे.

तुमच्या तळ्याचे जे खरे असेल तेच लिहा. नुसते "धोका" लिहू नका. धोका कशाचा ते लिहा, म्हणजे माणूस थांबतो. ग्रामपंचायतीला विचारून पाटी वाटेवर लावा. पावसाळा संपला की भोवतालचे गवत कापा. अक्षर पुसट झाले की पुन्हा रंगवा.

मेहुणे गावी गेल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने आम्हाला पत्र लिहिले. तेही उतारवयातच लिहायला शिकले. पत्रात होते, "दाजी, आमच्या तलावावर पाटी लावली. खोलला ख काढायला चुकलो होतो, नातीने सुधारला."

चुकले तर चुकू द्या, सुधारता येते. पाटी लिहून झाली की लावण्याआधी शेजाऱ्याकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या.